‘ते दोन विषय सोडून’: आमच्या मंडळाच्या कमिटीला खुलं पत्र

कमिटीतल्या सगळ्या दादा-वहिनींना आणि काका-काकूंना नमस्कार,

मंगळवारचा तुमचा मेसेज वाचला. रविवारी निवडणुकीला उभे असलेले उमेदवार आपल्या हॉलवर भेटायला येणार, दोन्ही पार्ट्यांचे येणार, चहा आहे, बटाटेवडा आहे, सगळं छान, आणि मग खाली ती ओळ, की धर्म आणि अबॉर्शन हे दोन वैयक्तिक विषय सोडून कुठलेही प्रश्न विचारा. खरं सांगते, पहिल्यांदा वाचून मी मान पण डोलावली, म्हटलं बरोबर आहे, कशाला उगीच वाद, आपण एच-वन, ग्रीन कार्डची लाइन, शाळा, टॅक्स यावर बोलू. मग रात्री भांडी डिशवॉशरला लावताना डोक्यात भुंगा लागला तो काही जाईना, म्हणून हे लिहितेय. लांब होईल, चहा घेऊन बसा.

मी बेळगावची, हे तुम्हाला माहितीये. वीसेक वर्षं झाली मिशिगनात येऊन, लोकांचे टॅक्स रिटर्न भरून देते, मंडळाचा हिशेब पण दोन वर्षं बघितलाय. तेव्हा पहिलं ते नियमाचं बोलून मोकळी होते, कारण फोन केल्यावर मला सांगितलं गेलं की "अहो आपण ५०१ सी ३, म्हणजे टॅक्स माफ असलेली संस्था आहोत, असले प्रश्न आले तर टॅक्सवाले पकडतील". नाही पकडत हो. १९५४ पासूनचा नियम असा आहे की आपल्यासारख्या संस्थेने कुठल्या उमेदवाराला पाठिंबा द्यायचा नाही की विरोध करायचा नाही. सगळ्यांना बोलवा, सगळ्यांना सारखा वेळ द्या, सगळ्यांना तेच प्रश्न विचारा, झालं. उलट प्रश्न भरपूर विषयांवरचे असावेत अशीच अपेक्षा असते. म्हणजे नियमाची भीती हे कारण नाही, कारण दुसरं आहे, आपल्याला अवघडल्यासारखं होतं. तेही समजू शकते मी, पण मग तसं सांगा की.

आता मुद्दा. तुम्ही दोन विषय एकाच पिशवीत घातलेत आणि वर ‘वैयक्तिक’ अशी चिठ्ठी लावलीत. माझ्या मते त्यातला एक खरंच वैयक्तिक आहे. दुसरा नाही, निदान जो माणूस कायदा करायला निघालाय त्याच्यासाठी तरी नाही.

धर्माचं आधी घेऊ, ते सोपंय. उमेदवार चर्चला जातो, मशिदीत जातो, देवळात जातो की रविवारी नुसता झोपून राहतो, हे विचारायचं काही कारण नाही, आणि या देशाच्या घटनेच्या सहाव्या कलमातच लिहिलंय की कुठल्याही सरकारी पदासाठी धर्माची परीक्षा घ्यायची नाही. १९६० साली केनेडी उभे होते तेव्हा लोक म्हणत होते की हा कॅथलिक, हा पोपचं ऐकणार, तर तो माणूस सप्टेंबरमध्ये ह्यूस्टनला प्रोटेस्टंट पाद्र्यांच्या सभेत जाऊन उभा राहिला आणि म्हणाला की मी कॅथलिकांचा उमेदवार नाहीये, मी डेमोक्रॅटिक पार्टीचा उमेदवार आहे जो कॅथलिक पण आहे. आणि आपल्याला तर ही परीक्षा कधीच परवडणारी नाही. २०२३ च्या डिसेंबरात आयोवात टीव्हीवरच्या कार्यक्रमात एका मतदाराने राष्ट्राध्यक्षपदासाठी उभ्या असलेल्या विवेक रामस्वामींना विचारलं होतं ना, की तुमचा धर्म आमच्या देशाच्या संस्थापकांचा नाही असं म्हणणाऱ्यांना तुम्ही काय सांगाल, तेव्हा आपल्याकडे केवढा संताप झाला होता! आणि तेच आपण हॉलच्या पार्किंगमध्ये उभं राहून हळू आवाजात "तो मुस्लिम आहे का गं?" असं विचारतो. हो, विचारतो. मी ऐकलंय, एकदा मी स्वतःही विचारलंय, लाज वाटली नंतर. तेव्हा धर्मावरचा प्रश्न नको या तुमच्या अर्ध्या ओळीला माझा पाठिंबा आहे, फक्त पार्किंगमध्ये पण पाळू या.

आणखी एक गंमत बघा. ज्यांना वाटतं की धर्म कळला की माणसाची मतं कळली, त्यांनी हेच रामस्वामी बघावेत. हिंदू माणूस, आणि अबॉर्शनवर कट्टर विरोधातला, ओहायोत २०२३ साली हक्काच्या बाजूने जी घटनादुरुस्ती मताला आली तिच्याही विरोधात. आणि बायडेन, आयुष्यभर चर्चच्या प्रार्थनेला जाणारा कॅथलिक, तो या हक्काच्या बाजूने, इतका की २०१९ मध्ये साउथ कॅरोलिनातल्या एका पाद्र्याने त्याला चर्चमध्ये कम्युनियन, म्हणजे आपल्या भाषेत प्रसादच म्हणा, नाकारला. मग धर्म विचारून काय कळलं? काही नाही. जे हवंय तेच सरळ विचारायला लागतं.

आणि जे हवंय ते विचारू नका म्हणताय तुम्ही.

आता जरा भाषेचं बोलते. आपल्या मराठीत मिसकॅरेज आणि अबॉर्शन दोन्हीला एकच शब्द आहे, गर्भपात. आपोआप झाला तरी गर्भपात, केला तरी गर्भपात. बायका आपसात बोलतात तेव्हा फक्त एका काना-मात्रेचा फरक करतात, "पडलं" आणि "पाडलं". पडलं म्हटलं की च्च-च्च, आराम कर, डिंकाचे लाडू खा. पाडलं म्हटलं की सगळ्या गप्प. आमच्या आजीला हा फरक पटायचाच नाही, ती म्हणायची बाईच्या पोटातलं गेलं एवढं खरं. मला तेव्हा ती अडाणी वाटायची.

२०११ मध्ये मला अठरावा आठवडा होता. तुमच्यापैकी तिघी डोहाळजेवणाची तारीख ठरवत होत्या, आठवत असेल. एका पहाटे पाणी गेलं, सगळं. हॉस्पिटलमध्ये सोनोग्राफी केली तर ठोके चालू. डॉक्टरीण समोर स्टूल ओढून बसली आणि तिने शांतपणे सांगितलं की हे बाळ वाचणार नाही, इतक्या लवकर पाणी गेलं की नाहीच वाचत जवळजवळ, तुम्ही वाट बघू शकता पण इन्फेक्शनचा धोका तासातासाला वाढतो, नाहीतर आम्ही औषध देऊन आजच मोकळं करू. तुम्ही दोघं ठरवा, मी बाहेर आहे. आम्ही वीस मिनिटं रडलो आणि ठरवलं. दुसऱ्या दिवशी मी घरी. तुम्हाला सगळ्यांना मी "पडलं" असंच सांगितलं, तुम्ही डबे आणलेत, अजून त्यातला एक स्टीलचा माझ्याकडेच आहे. पण कायद्याच्या भाषेत ते पाडलं होतं. ठोके चालू असताना केलं होतं. हे पत्र सुरू केलं तेव्हा हे लिहायचं असं काही ठरवलं नव्हतं, पण आता लिहिलंय तर असू दे.

पुढच्याच वर्षी सविता गेली.

सविता हलप्पनवार, आमच्या बेळगावची. घरी कन्नड बोलणारी, ओळख नव्हती माझी, पण बेळगावात मराठी काय, कन्नड काय, गल्ली तीच आणि कुंदा तोच. डेंटिस्ट होती, ३१ वर्षांची, नवऱ्याबरोबर आयर्लंडला गॉलवेत राहायची. २१ ऑक्टोबर २०१२ ला पाठ दुखते म्हणून हॉस्पिटलात गेली, सतरावा आठवडा. तिचंही पाणी गेलं. तिलाही सांगितलं की बाळ वाचणार नाही. तिनेही विचारलं की मग मोकळं करा. आणि तिला उत्तर मिळालं की ठोके चालू आहेत तोवर कायद्याने करता येत नाही. का म्हणून विचारलं तर एक मिडवाइफ म्हणाली की हा कॅथलिक देश आहे, आणि हे बोलल्याचं तिने पुढच्या वर्षीच्या चौकशीत स्वतः मान्य केलं. बाळ २४ तारखेला गेलं, सविता २८ तारखेला गेली, रक्तात इन्फेक्शन पसरून. चौकशीत हेही निघालं की इन्फेक्शनकडे वेळेवर लक्ष दिलं गेलं नाही, चुका झाल्या, तेही सांगायला हवं. पण ठोके थांबायची वाट बघत बसायची वेळ का आली, ते चूक-भूल म्हणून सोडून देता येत नाही, ते लिहून ठेवलेलं होतं.

तिची आणि माझी केस एकच हो. देश वेगळा, एवढंच. मी वीस मिनिटांत ठरवलं, आणि तिला तीन-चार दिवस कुणीतरी दुसऱ्याने ठरवलेलं भोगावं लागलं.

आणि आता जे सांगणार आहे त्यासाठीच खरं तर हे पत्र लिहितेय. आयर्लंडमध्ये १९८३ साली लोकांनी मत देऊन घटनेत आठवी दुरुस्ती घातली, आई आणि न जन्मलेलं बाळ दोघांचा जगण्याचा हक्क सारखा. ठीक, त्यांचा देश. मग १९९२ मध्ये १४ वर्षांच्या एका मुलीची केस सुप्रीम कोर्टात गेली, बलात्कारातून दिवस गेलेले, जीव द्यायला निघालेली पोर, आणि कोर्टाने सांगितलं की आईच्या जिवाला खरा धोका असेल तर अबॉर्शन करता येईल. आता धोका म्हणजे नक्की किती, कुणी ठरवायचं, डॉक्टरला तुरुंगाची भीती नको म्हणून कायदा करायला हवा होता. केला नाही. सरकारं आली, सरकारं गेली, या पक्षाची, त्या पक्षाची, वीस वर्षं तो कायदा कुणी केला नाही, कारण विषय नाजूक आहे, लोकांच्या श्रद्धेचा आहे, मतं जातील. मधे २०१० साली युरोपच्या मानवी हक्क कोर्टानेही कान उपटले तरी ढिम्म. वीस वर्षं बहुतेकांनी तुमची ती ओळ पाळली, की ते विषय सोडून बोला. म्हणून २०१२ साली त्या वॉर्डात उभ्या असलेल्या डॉक्टरकडे "आईच्या जिवाला धोका" याचा अर्थ सांगणारा कायदा नव्हता.

तुम्ही म्हणाल एवढं कुठे आपल्या रविवारच्या कार्यक्रमात. नाही, आपल्या चहा-वड्याने कुणी मरणार नाहीये. पण टाळणं असंच असतं ना, प्रत्येक ठिकाणी छोटं छोटं, सभ्यपणे.

तिथलं पुढचं पण ऐका, कारण त्यात आपला माणूस आहे. सविता गेल्यावर २०१३ मध्ये कायदा आला, अगदी तोकडा, फक्त जिवाच्या धोक्यापुरता. तेव्हाचे पंतप्रधान एन्डा केनी, स्वतः श्रद्धाळू, संसदेत जवळजवळ केनेडींसारखंच बोलले, की मी पंतप्रधान आहे जो कॅथलिक आहे, कॅथलिक पंतप्रधान नाही. त्यांच्याच पक्षाच्या मंत्री लुसिंडा क्रेटन यांना तो कायदा पटला नाही, त्यांनी विरोधात मत दिलं आणि मंत्रिपद घालवलं. मला त्यांचं मत मुळीच पटत नाही, पण त्या बाईने लपवलं नाही आणि किंमत मोजली, त्यासाठी मी त्यांना सलाम करेन. आणि मग लिओ वराडकर, मालवण तालुक्यातल्या वराडचे, म्हणजे वडील तिथले, आई आयरिश. धंद्याने डॉक्टर. हे गृहस्थ आधी स्वतःला प्रो-लाइफ, म्हणजे अबॉर्शनच्या विरोधातले, म्हणवून घ्यायचे. आरोग्यमंत्री झाल्यावर २०१४ मध्ये म्हणाले की आठवी दुरुस्ती फारच जाचक आहे, डॉक्टरांचे हात बांधले जातात. आणि २०१८ च्या मे महिन्यात पंतप्रधान म्हणून त्यांनीच ती दुरुस्ती काढून टाकायला लोकांचं मत घेतलं, ६६.४ टक्के लोक हो म्हणाले. त्या मतदानाआधी सविताच्या वडिलांनी बेळगावहून आयर्लंडच्या लोकांना विनंती केली होती, माझ्या मुलीला आठवा म्हणून. एका माणसाचं गाव वराड, एका मुलीचं बेळगाव, आणि बदलली घटना आयर्लंडची. वराडला २०१९ मध्ये त्यांचं स्वागत झालं त्याचे फोटो आपल्याकडे सगळ्यांनी फिरवले, "आपला कोकणी माणूस", पण त्या माणसाने सगळ्यात मोठं काय केलं त्याबद्दल एक अक्षर नाही. तो वैयक्तिक विषय ना.

त्यातून मी शिकले ते असं, की उमेदवाराला "तुम्हाला हे पाप वाटतं का" असं विचारू नये. वराडकरांना आधी काय वाटायचं आणि त्यांनी काय केलं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. वाटणं त्यांच्यापाशी. विचारायचं ते हे, की तुम्ही कुठल्या बाजूने सही करणार.

आता आपल्या मिशिगनचं, कारण मला माहितीये कमिटीतून कोण काय म्हणणार, "अगं २०२२ ला प्रपोजल ३ पास झालं, अबॉर्शनचा हक्क राज्याच्या घटनेत आला, विषय संपला". आठवा जरा कसं पास झालं. जून २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने देशभर अबॉर्शनचा हक्क देणारा रो विरुद्ध वेडचा निकाल मोडीत काढला आणि आपल्याकडे १९३१ चा अबॉर्शनबंदीचा जुना कायदा फडताळातून बाहेर यायच्या बेतात होता. काही काउंट्यांचे प्रॉसिक्युटर, म्हणजे सरकारी वकील, म्हणाले आम्ही केसेस भरू, ओकलंडसारख्या ठिकाणचे म्हणाले नाही भरणार. १ ऑगस्टला तर कमाल झाली, अपील कोर्टाने सांगितलं की तो कायदा थोपवणारा मनाई हुकूम काउंटीच्या प्रॉसिक्युटरांना लागू नाही आणि त्याच दिवशी दुसऱ्या जजने त्यांना पुन्हा मनाई केली. सकाळी एक कायदा, संध्याकाळी दुसरा. त्या दिवशी एखादी माझ्यासारखी बाई पाणी जाऊन टेबलावर असती तर तिच्या डॉक्टरणीने स्टूल ओढायच्या आधी वकिलाला फोन लावला असता. तोवर प्रपोजलसाठी साडेसात लाखांच्या वर सह्या जमल्या होत्या, तर निवडणूक बोर्डात दोन विरुद्ध दोन होऊन अडकलं, कारण काय, तर अर्जावर शब्दांच्या मध्ये जागा नीट सुटली नाहीये! शेवटी राज्याच्या सुप्रीम कोर्टाने मतपत्रिकेवर आणायला लावलं आणि ५६-५७ टक्क्यांनी पास झालं. त्याच मतपत्रिकांवर डेट्रॉइटकडच्या एका मतदारसंघात आमचे बेळगावचेच श्री ठाणेदार निवडून आले काँग्रेसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत, त्याचे पेढे आपण वाटले, आणि त्याच कागदावरचं दुसरं मत कुणी कुठे दिलं ते मात्र एकमेकींना आजपर्यंत विचारलेलं नाही.

आणि संपला म्हणता तर वॉशिंग्टनने देशभराची बंदी आणली तर? २०२२ च्या सप्टेंबरातच सिनेटमध्ये १५ आठवड्यांनंतरच्या बंदीचं बिल मांडलं गेलं होतं, पास झालं नाही ते सोडा. केंद्राचा कायदा राज्याच्या डोक्यावर बसतो हे टॅक्स भरणाऱ्या बाईला कुणी शिकवायला नको.

म्हणून हे सगळ्यांना विचारायचं असंही नाही. मिशिगनात काउंटीचा ड्रेन कमिशनरसुद्धा निवडून देतात, म्हणजे आपल्याकडचा गटारीचा साहेब, त्या बिचाऱ्याला अबॉर्शनबद्दल काय वाटतं याने माझ्या बेसमेंटात शिरणारं पाणी थांबत नाही, त्याला फक्त पाण्याचं विचारा. पण काँग्रेसवाला, राज्याच्या सभागृहातला, गव्हर्नर, जज, आणि विशेष करून प्रॉसिक्युटर, ज्याच्याकडे आपण कधी बघत पण नाही, यांना विचारायलाच हवं.

एक काका म्हणाले, "आपल्या भारतात कसं, हा निवडणुकीचा विषयच नाही." खरंय काका. तिकडे १९७१ ला कायदा झाला, आणि त्याचा अहवाल ज्या कमिटीने दिला तिचे अध्यक्ष शांतिलाल शाह आपल्या महाराष्ट्राचेच मंत्री होते, कुणी रस्त्यावर आलं नाही, चांगलं झालं. पण त्या कायद्यात ठरवायचं काम डॉक्टरकडे आहे, बाईकडे नाही, आणि २००८ मध्ये मुंबईतलं एक जोडपं पोटातल्या बाळाच्या हृदयात दोष आहे म्हणून हायकोर्टात गेलं, वीस आठवड्यांची मर्यादा उलटून गेली होती, तर कोर्ट नाही म्हणालं, आणि ती मर्यादा काही बायकांसाठी चोवीस व्हायला २०२१ उजाडलं. तेरा वर्षं. कुणी कुठल्या आमदार-खासदाराला विचारलं होतं? आणि दुसरीकडे मुलगी म्हणून पाडायचं थांबवायला महाराष्ट्राने १९८८ ला देशात पहिला कायदा केला, तरी २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये हजार मुलग्यांमागे ८०७ मुली. तो प्रश्न पण प्रचारात कुणी विचारत नाही. विषय निवडणुकीत नाही याचा अर्थ तो सुटलाय असा नाही. तसं तर आपण महर्षी कर्व्यांचा फोटो हॉलमध्ये लावतो आणि त्यांच्या मुलाचं, रघुनाथरावांचं, ज्यांनी १९२१ ला मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, नाव पण काढत नाही. जाऊ दे, तो वेगळा राग आहे.

आणि शेजारच्या इंडियानातली ती आपल्या गुजराती घरातली मुलगी विसरलात का? २०१५ मध्ये भ्रूणहत्या आणि मुलाकडे दुर्लक्ष अशा दोन कलमांखाली मिळून वीस वर्षांची शिक्षा झाली होती, तिने सांगितलं मिसकॅरेज झालं, सरकार म्हणालं गोळ्या घेतल्या. पडलं की पाडलं, हाच वाद, भर कोर्टात. वरच्या कोर्टाने २०१६ ला भ्रूणहत्येचं कलम काढलं, दुसरं सौम्य केलं, आणि ती सुटली. प्रॉसिक्युटर निवडून येतो म्हटलं ना मी मघाशी, इंडियानात पण येतो.

ज्यांना हे पाप वाटतं त्या आपल्यातल्या लोकांशी माझं भांडण नाही. माझ्या सासूबाईंनाही वाटतं, आणि २०११ ला त्यांनीच मला महिनाभर हाताने जेवण दिलं. त्यांनी पण रविवारी यावं आणि त्यांच्या बाजूने प्रश्न विचारावा, की तुम्ही न जन्मलेल्याचं रक्षण कसं करणार, आणि उमेदवाराने त्यांच्या डोळ्यात बघून उत्तर द्यावं. माझ्याही.

तर माझी चिठ्ठी मी आत्ताच देऊन ठेवते, निवेदकाने वाचली तरी चालेल, मी वाचली तरी चालेल, दोन्ही पार्ट्यांच्या उमेदवारांना हीच: अठरावा आठवडा आहे, पाणी गेलंय, बाळ वाचणार नाही, ठोके चालू आहेत. तुम्ही ज्या खुर्चीसाठी उभे आहात तिथे बसल्यावर त्या बाईने आणि तिच्या डॉक्टरने कुणाची परवानगी घ्यायची?

धर्माचं काही विचारणार नाहीये. कुणी उत्तर देताना स्वतःहून देव मध्ये आणला तर मात्र मी पुढचा प्रश्न विचारेन, तो माझा हक्क.

आणि व्हॉलंटियरच्या यादीतून माझं नाव काढलं असेल तर शनिवारपर्यंत कळवा, नाहीतर ठरल्याप्रमाणे साडेतीनला खुर्च्या लावायला येतेय. तो स्टीलचा डबा पण घेऊन येते, ज्या वहिनींचा आहे त्यांनी ओळखून न्यावा.

तुमची,
मंडळाची जुनी मेंबर, बेळगाववाली